नोंदवही, गेट क्रमांक नऊ

काठाची ही वाट पायांची आहे.
तशी पाटीच आहे खैरीच्या धरणाशी:
'वाहनांस मनाई', आणि खाली कुणीतरी
कोळशानं लिहिलंय, 'बकऱ्या चालतील'.

सायकल म्हणजे वाहन का,
यावर पाटबंधारे खात्याची तीन पत्रं झाली.
चार महिन्यांनी परवानगी आली, तिच्यातली
'सदर महिला स्वतःच्या जबाबदारीवर'
एवढी ओळ कापून मी हँडलला चिकटवली.

अठ्ठेचाळीस किलोमीटर, खैरी ते महादुला,
नागपूरच्या नळांकडे निघालेल्या पाण्याच्या बाजूनं.
तीनदा जायचं, तीनदा यायचं, चोवीस तासांत.
या काठावर इतकी सायकल कुणी चालवलेली नाही;
खरं तर कुणाला सुचलंच नाही.
"याले विक्रम म्हणतेत का खाज?" फिरदौसनं विचारलं,
आणि तरी पहाटे पाचला पुलावर
थर्मास घेऊन उभी, कानाला हिरवा मफलर.

उतार म्हणाल तर नाहीच.
पाणी किलोमीटरला वीतभर उतरतं, तेवढीच मी.
बाकी गिट्टी, बाभळीचे काटे,
म्हशींचे खूर चिखलात उमटून
दगड झालेले.
पहिल्या फेरीत दोन पंक्चर, दुसरीत पाच.
माझा भाचा सुमेध, महादुल्याला स्टॉपवॉच घेऊन,
दर वेळी ओरडायचा, मावशी, आपण पुढे आहोत!
कुणाच्या, ते मी विचारलं नाही.

रात्री दहा चाळीस. दोनशे अकरावा किलोमीटर.
मागचा गिअर तुटला आणि चाकातच शिरला.
आवाज एवढासा, सुपारी फुटल्यासारखा.
टॉर्च दातात धरून मी त्याच्याकडे बघत बसले.
फोनला रेंज नाही. जानेवारीची थंडी
घामावर बसायला लागली.

सतरा तास पाणी माझ्या कुशीला होतं.
आत्ता ऐकू आलं.

चार किलोमीटरवर शेकोटी दिसली.
"काहून बाई, गिअरवाली खांद्यावर?"
इस्तारी नेवारे, गेट नऊचे चौकीदार.
चहा नंतर. आधी त्यांनी वही काढली,
बोटानं रकाने दाखवले:
वेळ, पातळी, गळती, जनावर, शेरा.

सहा पन्नास. सायकल. बाई. खाली.
अकरा दहा. सायकल. बाई. वर.
मधे एक नीलगाय, पडली, काढली.
पुन्हा मी. पुन्हा मी.
मला कळलंही नव्हतं की कुणी
कंदिलाशी बसून मला मोजतंय.

त्यांनी घड्याळ पाहिलं, पेनाला फुंकर मारली.
अकरा चाळीस. बाई. खाली.
मग थांबले, आणि 'सायकल'च्या जागी
सावकाश लिहिलं: पायी.
मी म्हटलं, काका, एवढं एक...
"खोटं नाही लिहत मी. पाण्यावर पगार हाय माहा."

गूळ घातलेला चहा. भाजलेली लाखोळीची शेंग.
जीपला फोन लावतो म्हणाले, गेटच्या तारेवरून
कधीकधी लागते.
मी म्हटलं, राहू द्या.

पंचवीस किलोमीटर उरले होते महादुल्याला.
सायकल हातात धरून निघाले.
एक पळसाचं पान काठापाशी वाहत होतं,
बराच वेळ आम्ही बरोबर होतो.
मी वळून लघवीला गेले
तेव्हा ते पुढे गेलं.

सव्वासातला पूल दिसला.
सुमेध स्टुलावर बसल्या बसल्या झोपलेला,
हिरवा मफलर आता त्याच्या कानाला,
मुठीत स्टॉपवॉच,
अजून चालू.