मोट

परसोडीच्या आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर
इंग्लंडचे जुने नकाशे गिरवते मी.
बांध, ओढे, चर्चचा ठिपका.
शीटमागे एकशे चाळीस रुपये, चूक निघाली तर कपात.

पहिल्याच आठवड्यात एक चौकोन भेटला,
कोपरे झिजलेला, वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा.
आत लिहिलेलं : मोट.
म्हटलं, बरं झालं बाप्पा, विहीर असेल जवळ,
बैल असतील, चामडं कुरकुरत वर येत असेल.
टेंभुर्णे सर हसले. खंदक आहे तो.

मग किल्ला कुठाय?
किल्ला नव्हताच म्हणे.
सातशे वर्षांपूर्वीचा कोणी खाऊनपिऊन सुखी माणूस,
धान्याचं एक कोठार, थोड्या गाई,
आणि घराभोवती पाणी.
शत्रू कोण येणार त्या चिखलात?
शेजाऱ्यानं बघावं, एवढंच.
पाव्हण्यानं पूल ओलांडून यावं.

आता घर नाही.
कुजलं, जळलं, की पोरांनी लाकडं विकली,
नकाशा सांगत नाही.
पाणी तेवढं कोपरा न कोपरा सांभाळून
आतल्या गवताची राखण करतं.
मी निळ्या रेषेनं ते बंद करते.

बाहेर पंचेचाळीस. कूलरच्या टाकीत डास.
बाबा आजही बेसाला गेले असतील,
डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून,
पंधराशे फुटांचा प्लॉट बघायला.
पोस्टाच्या नोकरीत घेतलेला.
आधी कंपाउंड घातलं, लोखंडी गेट,
गेटवर नाव : दे. म. खोब्रागडे.
घर पुढच्या वर्षी.
अशी एकोणीस पुढची वर्षं झाली.
नासुप्रचं पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत,
पिशवी स्टीलच्या डब्यात.
आत तरोटा माजतो, एक कुत्री दरसाल तिथंच विते.
बाबा कुलूप उघडतात, आत जातात,
आणि आतून कडी लावून घेतात.

काल घरी निघताना उपग्रहाचं चित्र उघडलं.
मागच्या पावसाळ्यातलं होतं.
भिंतीला लागून चारी बाजूंनी तुंबलेलं पाणी,
मध्ये हिरवं, आणि हिरव्यात एक पांढरा ठिपका.
गाय असेल.
किंवा दुपट्टा.
निळी रेषा हातात होतीच, फिरवली.
नाव काय, रकान्यानं विचारलं. मोट लिहिलं,
मग कपातीच्या भीतीनं खोडलं.

रात्री जेवताना बाबांना सगळं सांगितलं,
तिकडचं घर, पाणी, पूल.
त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं,
पाणी काढून द्यायला नाली ठेवली होती का त्यांनी?