काळी दोन

परभणीच्या आमच्या ऑर्केस्ट्रात मी बँजोवर,
सरूबाई हत्तिअंबीरे माइकवर.
आवाज काचेच्या बांगडीसारखा, पट्टी काळी पाच.

मग गळ्यात गाठी निघाल्या.
घाटीतल्या डॉक्टरांनी चिरा दिला, बजावलं,
सहा आठवडे चकार शब्द नाही.
बाई पाटी घेऊन फिरायच्या.
पाटीवर लिहायच्या : चहात साखर कमी.

पाचव्या आठवड्यात, शनिवारच्या बाजारात,
चिंचवाल्यानं काटा मारला
अन् बाई ओरडल्या,
"काहून रे, आंधळी समजूलालास का मला?"

बांगडी तिथंच फुटली.
नंतर निघालं ते,
खरकट्या कढईत काथ्या फिरावा तसं.
मालक म्हणाले, संपलं.
बाई मला म्हणाल्या, काळी दोन धर.

सेलू, मानवत, जिंतूर, उरसातला मांडव.
तीच गाणी, पण
कुणीतरी ती वापरून, धुऊन
पुन्हा अंगावर घातल्यासारखी.
पोरं शिट्ट्या मारायची विसरायची.
मागच्या बाया पदर तोंडाशी धरून
नुसत्या बसून राहायच्या,
जनरेटर बंद झाला तरी.

परवा बाजारात तोच चिंचवाला. म्हातारा, हात थरथरते.
"बाई, तुमचा आवाज माझ्यामुळं..."
"अर्धा किलो दे," बाई म्हणाल्या,
घोगऱ्या,
अन् काट्यावरची नजर काही काढली नाही.