मधला वेळ

पुण्याची गाडी कागदावर आठ पंचावन्नला.
येते साडेनवाच्या मागेपुढे.
धारची बस गंगवालहून दहा चाळीसला
आणि ती मात्र, का कोण जाणे, वेळेवर.
या दोन गाड्यांच्या मधे जे उरतं
तेवढ्यात आम्ही बहिणी बहिणी असतो.

माणिकताई डब्यातून उतरते तीच
मागच्या भांडणाचं टोक हातात धरून.
राजमोहल्ल्याच्या सिग्नलला जिथे तुटलं होतं
नेमकं तिथून :
"तर तू म्हणालीस, बाबांच्या आजारपणात मी..."
मी तिची बॅग ओढते. एक चाक फिरत नाही.
ई-रिक्षावाला विचारतो, "किधर, मौसी?"
"गंगवाल," आम्ही एका सुरात सांगतो,
दिवसभरातलं आमचं एकमत तेवढंच.

सियागंजात मिरच्यांची पोती उतरत असतात.
दोघी शिंकतो. तेवढा युद्धविराम.
मग जवाहर मार्गावर बाबांचं ऑपरेशन,
मालगंजला आईच्या चार बांगड्या.
त्यांतल्या दोन कुठे गेल्या ते मला ठाऊक आहे,
सांगायला तोंड उघडावं
तर कंडक्टर दाराला लटकून ओरडतो,
बेटमा, घाटाबिल्लौद, धार, धार, धार!
जशी काही आम्हांला धार कमी पडत होती.

ती चढते. पोचल्यावर फोन करते.
फोनवर आम्ही भांडत नाही.
फोनवर गुडघे, गॅसचा नंबर, कोणाचं कुठे जमलं.

वर्षातून तीनदा, अकरा वर्षं.
एकदा हिशोब मांडला, वहीच्या मागच्या पानावर :
सगळे मिळून साडेसत्तावीस तास.
एवढ्यात गाडी पुण्याला जाऊन
परत निघते.

गेल्या फाल्गुनात गंगवालला बसच नव्हत्या.
कुठेशी सभा होती, सगळ्या गाड्या तिकडे लावलेल्या.
"चार बजे देखना," खिडकीतला माणूस म्हणाला
आणि पेपरात शिरला.
बसच्या जागी डिझेलचे डाग,
त्यांना वळसा घालून चालणारी कबुतरं.

बाकावर बसलो. पुढ्यात सहा तास,
एवढा वेळ आम्ही एकत्र कधी खर्चला नव्हता.
मी सांगून टाकलं :
दोन बांगड्या माझ्या बी.एड.च्या फीमधे गेल्या.
"ठाऊक आहे," ताई म्हणाली.
"सोनाराकडे आई मलाच घेऊन गेली होती."
आणि शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

वीस मिनिटांत अकरा वर्षं आटोपली.
मग काय करायचं ते दोघींनाही सुचेना.
तिनं चपला काढल्या. पाय सुजलेले.
"रात्रभर बसून आले. आरएसी होतं."
"दर वेळी?"
"बहुतेक."
बॅगेवर डोकं टेकून ती झोपली,
तोंड किंचित उघडं, अगदी आईसारखं नाही,
माझ्यासारखं असावं.

समोर ट्रॅव्हल्सवाल्याची पत्र्याची पाटी.
इतकी वर्षं इथून घाईत गेले, कधी वाचली नव्हती :
पुणे ते धार, थेट, स्लीपर, रोज रात्री,
सेंधव्यावरून.
इंदूर लागतच नाही वाटेत.

मी पुन्हा वाचली. वाहनाचा नंबर, फोन,
खाली रंगाऱ्याची सही.
ताईला उठवलं नाही.
उठल्यावरही विचारलं नाही.

चार दहाला एक बस आली, अर्धी धुळीची.
खिडकीची काच अडकलेली,
ताईनं दोन्ही हातांनी ढकलून
वीतभर उघडली, त्यात तोंड घातलं :
"आणि आईच्या शिवणयंत्राचं काय?
ते तुझ्याचकडे आहे ना?"

"पुढच्या वेळी," मी म्हटलं.
"गाडी कोणती?"

"हीच की," ती म्हणाली. "दुसरी कुठे आहे?"