तारखेचा कागद

अमळनेरच्या वाचनालयात ही कादंबरी
जुन्या कॅलेंडरचं कव्हर घालून फिरते.

निकुंभ वकील म्हणाले, जिनिंगला आग कोणी लावली
ते मला चाळिसाव्या पानावरच कळलं,
रहस्य कच्चं आहे. बाकी ठीक.
'बाकी' म्हणताना चष्मा पुसत राहिले.

सिंधू कोठावदेंना आवडलं ते दोघांचं भांडण :
भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची की गॅसवर!
घरातलंच वाटलं, म्हणाल्या,
आणि हळूच, दुसरा भाग आहे का?

समासात पेन्सिलीने : 'असं काही नसतं.'
खाली, दुसऱ्या हाताचं : 'शे ना भो.'
खोडरबर माझ्या खणात आहे.
पडून आहे.

सभासद क्रमांक दोनशे बारा मत देत नाही.
तारखेच्या कागदावर पाच वेळा तोच,
आणि पान एकशे सत्त्याऐंशीत, जिथे एकजण
सुरत पॅसेंजरची वाट बघतो,
खुणेला वजनकाट्याची पावती.

काल उशिरा आला. दंड सहा रुपये.
सोबत कोणी होता, दाराशीच थांबलेला.
सुटे कमी पडले
तेव्हा तो आत आला, खिशातून दोन रुपये काढले,
न विचारता.