मात्रा

पहिलं बक्षीस कूलर.
कोजागिरीला कूलर! पण कृषी केंद्रवाल्या नाल्हेशेठला
दिवाळीआधी गोदाम रिकामं करायचं होतं.
दुसरं घड्याळ, तबकडीवर त्याच्याच दुकानाचं नाव.
तिसरं टॉर्च. सेल ज्याचे त्याने टाकायचे.

प्रश्न विचारायला मी,
कारण बोरखडीत सगळ्यात जास्त परीक्षा मीच दिलेल्या.
काळमेघ सर माइकवर म्हणाले, 'अनुभवी उमेदवार.'
मंडप हसला. मीही हसलो,
माइक तोंडापासून जरा लांब धरून.

पहिल्या बाकावर प्रज्वल जुनघरे, बारावी सायन्स,
दुसऱ्यावर सोसायटीचे सचिव, चष्मा पुसत,
तिसऱ्यावर (नाव कोणी दिलं कोणास ठाऊक)
आलूबोंड्याच्या गाडीवरची भागरताबाई ठमके,
नखांत अजून बेसन.

मंगोलियाची राजधानी?
उलानबातर, ती म्हणाली,
'दहाचे दोन' म्हणते त्याच आवाजात.
मधमाशीला डोळे किती? पाच.
पानिपतची तिसरी लढाई?
चौदा जानेवारी सतराशे एकसष्ट,
आणि कोणी विचारलं नसताना: 'बुधवार व्हता.'

पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या.
मला मात्र घाम फुटला.
तो बुधवार माझा होता.
लाल पेनाने, चौकोनात, दोनदा गिरवलेला.

तलाठी भरतीत एका मार्काने राहिलो
त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळी गाइडं
तिच्या गाडीवर नेऊन टाकली होती.
बटाट्याच्या काट्यावर अकरा किलो भरली माझी सहा वर्षं,
वर एक बोंडा फुकट.
मग रोज बसस्टॉपवर
लोक माझ्या राज्यघटनेला बोटं पुसायचे,
नालीत नद्यांच्या लांब्या तरंगायच्या.
गिऱ्हाईक नसलं की ही बाई
आधी पान वाचत होती, मग फाडत होती,
हे कोणाला माहीत?

शेवटचा प्रश्न. प्रज्वल आणि ती बरोबरीत.
'रक्त गोठायला कोणतं जीवनसत्त्व लागतं?'
सायकलची घंटी तिनेच आधी वाजवली.
'क.'

माझ्या हातातल्या कार्डावर होतं: के.

'के ना, बाई?'
माइक खरखरला. सर माझ्याकडे बघायला लागले.
एवढीशी मात्रा,
गळ्यात अडकली असेल म्हणून सोडून देता आली असती.
'क,' ती म्हणाली. 'लिवलेलं हाये.'

हो. लिवलेलं होतं.
पान एकशे बारा, खालचा कोपरा,
रात्री दोनला, लाइन गेलेली,
मोबाइल दातात धरून मी खरडलेला क.
मात्रा द्यायची राहिली.
तलाठ्याच्या पेपरात हा प्रश्न आला होता का,
ते मी अजून तपासलेलं नाही.

'चूक,' मी म्हणालो.
माइकवर तो शब्द फार स्वच्छ गेला.
कूलर जुनघऱ्यांच्या बंडीत चढला,
दूध आटलं, सगळे पांगले.

तीन दिवसांनी गाडीवर गेलो.
घड्याळ छत्रीच्या दांडीला टांगलेलं,
दहा वाजून दहा मिनिटांवर गप्प उभं.
म्हटलं, बाई, ते उत्तर मीच चुकीचं लिहिलं होतं.
ती झाऱ्यानं मिरच्या उलटत राहिली.
'मालूम हाये न बापू.
के असते थे मलेबी मालूम हाये,
सिस्टरबाई सांगे पोरीच्या बाळंतपनात.
पन इचारून तू राह्यला व्हता,
म्हनून तुहंच उत्तर देल्लं.'

मी काय बोलणार?
तेल चरचरत होतं.
तिने दोन बोंडे बांधून दिले,
कागद कुठल्यातरी पोराच्या वहीचा, अर्धा कोरा.
पैसे मात्र पुरते घेतले.