लोढणं

पिरिनच्या उतारावर अजून बर्फाचे ठिगळ होते
तेव्हा क्रुम म्हाताऱ्याने कोटाच्या आतून
एक पिल्लू काढलं आणि शेळ्यांत सोडलं.
आठ आठवड्यांचं. पंजे मात्र उसने आणल्यासारखे.
म्हणाला, "कुरवाळायचं नाही. नाव ठेवायचं नाही.
दुधात कुस्करलेली भाकरी शेळ्यांच्या पायांत ठेवायची
आणि मागे न बघता निघून यायचं.
तुमचा लळा लागला तर दारात झोपेल.
लांडगा काही दाराने येत नाही."

राल्का सात वर्षांची.
कुंपणाच्या फळीवर हनुवटी टेकून ऐकत होती.

दोन रात्री ते रडलं. मी उशी कानांवर घेतली.
तिसऱ्या रात्री आवाज नाही, म्हणून कंदील घेऊन गेलो.
व्राना, आमची सगळ्यांत खाष्ट शेळी,
रवंथ करत बसलेली, तिच्या पोटाशी ते मुटकुळं,
आणि ती दुसरीकडेच बघत होती,
पाहुणा कधी उठतो याची वाट बघणाऱ्या बाईसारखी.

द्राक्षं उतरवायच्या दिवसांत त्याने एक करडू मारलं.
मारलं म्हणजे खेळवलं. दमेपर्यंत, आणि दमल्यावरही.
मी पोचलो तेव्हा नाकाने ढकलत होता त्याला:
ऊठ ना, ऊठ, आता तुझी पाळी.

मी बंदूक आणायला वळलो. दारात राल्का.
काही बोलली नाही. बाजूलाही झाली नाही.

क्रुमने बीचचं हातभर लाकूड तासलं,
साखळीने त्याच्या गळ्यात अडकवलं,
धावला की गुडघ्यांवर बसेल असं.
"अक्कल दातांनंतर येते," म्हणाला.
"तुला किती वर्षं लागली?"

सहा. सहा वर्षं मी वालेन्सियात संत्री तोडली.
परतलो तेव्हा राल्का मावशीच्या एप्रनआडून
माझ्याकडे बघत होती, पोस्टमनकडे बघावं तशी.
कुणाचं काही चुकलं नव्हतं.
जो शेजारी झोपतो त्याचा वास अंगाला लागतो.

हिवाळाभर ते लाकूड. ठक्, ठक्.
व्रानाने एकदा त्याला खांबावर असं भिरकावलं
की दोन दिवस तिला विचारल्यावाचून
तो पाणीसुद्धा प्याला नाही.
लोढणं काढलं, तरी संध्याकाळपर्यंत तसाच चालला,
पाय फाकवून, नसलेल्या वजनाला वाट देत.

मार्चमध्ये व्राना व्याली. पहाटे, ओल्या बर्फात.
मी जाईपर्यंत वार त्याने खाऊन टाकली होती
आणि करडू चाटून चाटून कोरडं केलं होतं.
मला आचळाला हात लावू न देणारी ती
निमूट उभी.
मी पुढे सरकलो. तो गुरगुरला नाही.
उठला, आणि माझ्या न् करडाच्या मध्ये येऊन
मला पाठ करून उभा राहिला.

तेवढ्यात फळीपाशी राल्का हलकेच म्हणाली, "त्रोहा."
त्रोहा म्हणजे भाकरीचा चुरा.
ज्या सहजपणे म्हणाली त्यावरून कळलं,
हे नाव वर्षभराचं जुनं आहे.

त्याने एक कान वळवला. शेपूट हलली, अर्धीच.
आला नाही.

मी तिच्याकडे बघायचं टाळलं.
"ऐकलं त्याने," राल्का म्हणाली,
आणि थंडीने लाल झालेले हात
माझ्या कोटाच्या खिशात घातले.