बूट

अँब्रोज कीपिंग गेला, त्याला रविवारी महिना झाला.
हॉलमध्ये जमले सगळे. मी चहाच्या पिंपाजवळ,
नेहमीसारखी.

भाषणं नव्हती. नुसत्या आठवणी,
आणि सगळ्यांना आठवते ती एकच रात्र:
एकोणऐंशीचा मार्च, खाडी गोठलेली,
फेरीबोट तीन दिवस बंद,
आणि हा बाबा पलीकडच्या किनाऱ्यावरून
बर्फावरून चालत आलेला,
पाठीवर अकॉर्डियन, तेलकापडात गुंडाळून,
लोक पिठाचं पोतं आणतात तसं.

सेल्बी म्हणाला, मी पहिल्या रांगेत होतो.
गस म्हणाला, पहिल्या रांगेत मी होतो.
डल्सी तेव्हा चार वर्षांची, तीही होती म्हणे,
आईच्या कोटात झोपलेली,
आणि तिला प्रत्येक धून आठवते.
असं मोजत गेलं तर त्या रात्रीची माणसं तीनशे होतात.
हॉलच्या खुर्च्या ऐंशी.
बिस्किटांचा डबा माझ्या मांडीवर होता, तिकिटाचे पैसे त्यात.
एकसष्ट डॉलर,
आणि कॉडच्या खारवलेल्या जिभांची एक बरणी,
मर्सरच्या विधवेनं पैशांऐवजी दिलेली.

मी बोलले नाही. माणसाला तिथे असावंसं वाटतं,
यात कुणाचं काय जातं?

मग शर्टावरून जुंपली. लाल. छट्, हिरव्या चौकटीचा.
उभा राहून वाजवायचा. नाही रे, बसून, डोळे मिटून,
भाता उघडला की तोंड उघडायचं,
भाता मिटला की मिटायचं.
याला मात्र सगळे हसले, कारण ते खरंच होतं.
त्याच्या पेटीची एक कळ मुकी होती.
तो स्वर यायचा तिथे तो पाय आपटायचा.
म्हणून त्याच्या धुनी आता दुसरं कुणी वाजवलं
की जरा जास्तच भरलेल्या वाटतात,
नव्या कवळीसारख्या.

आणि गस म्हणाला, ते बूट!
काय आपटायचा ते बूट!
गुडघ्यापर्यंतचे, कोळ्याचे, टाचेला नाल,
जमीन हादरायची!
सगळ्यांनी माना डोलावल्या.
सेल्बीनं टेबलावर मूठ आपटून दाखवली. कप वाजले.

बूट माझ्याकडे होते.

दारातल्या पडवीत, शेगडीपाशी.
तो आला तो पोटऱ्यांपर्यंत भिजलेला.
"पोरी, एवढे वाळतील का गं?"
मोजे धुरांड्याच्या नळीवर टाकले,
बूट आगीसमोर ठेवले, जिभा बाहेर,
दोन दमलेल्या कुत्र्यांसारखे,
आणि तो अनवाणी आत गेला.

एकोणीस वर्षांची होते मी.
ऊब जाते म्हणून दार लोटून घ्यायचं, अशी ताकीद.
फटीतून दिसला तो एवढाच:
डावा खांदा, त्यावरचा पट्टा,
आणि खाली एक टाच, लाल, भेगाळलेली,
फळीवर पडत होती, उठत होती.
बाकीचा सगळा मला फळ्यांतून आला,
बाकाच्या पायांतून,
मणक्यामणक्यानं वर.
लाकडं घालायची विसरले. शेगडी विझत आली होती.

मध्यंतरात बाहेर आला, वाकला,
बूट दुसऱ्या अंगावर वळवून ठेवले,
वाळवणीवरचे मासे पालथे करावेत तसे.
म्हणाला, "फार तापवू नकोस, आखडतात."
मी मान हलवली.
आयुष्यात आमचं बोलणं झालं ते एवढंच.

सांगायला हवं होतं का रविवारी?
चाळीस वर्षं ज्यांच्या कानात ते बूट वाजतायत
त्यांच्या कानातून ते काढून घ्यायचे,
आणि द्यायचं काय? एक टाच?

डल्सी कप घेऊन आली.
"तू होतीस ना गं त्या रात्री?"
होते की. दारात.
"अगंबाई, म्हणजे तुला काहीच दिसलं नसेल."
फारसं नाही, म्हटलं.
साखर किती घालू?